मास्तरांच्या घराण्यातले घरजावई

ऑकलंडच्या न्यू लिन भागात ज्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो, त्या घराचा मालक निवृत्त हेडमास्तर होता आणि आपण फार मोठ्या घराण्यातले आहोत असा त्याचा पक्का समज होता. घराणं कुणाचं, तर हॉलंडमधल्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांचं. तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून बापामागून मुलगा, मुलामागून नातू, मध्ये एकही खंड नाही, असं त्याने आम्हाला घर दाखवतानाच ऐकवलं. आम्ही विचारत होतो हीटर कुठे आहे. माझा नवरा कुठल्याही घरमालकासमोर मऊ होतो, तो म्हणाला, "वॉव." मी कार्पेटकडे बघत उभी राहिले. कुत्रा नसलेल्या घरात कुत्र्याचा वास येत होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

ही २०१२ची गोष्ट. मी शिकायला म्हणून ऑकलंडला आले, शिक्षण संपवून शहरातल्या एका बँकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले, लग्न करून नवऱ्यालाही इकडे आणलं, आणि आता हा माणूस आमच्या डोक्यावर राहत होता. अक्षरशः डोक्यावर. त्याच्या सपाता कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत गेल्या हे आम्हाला खालून कळायचं.

इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी त्याला "सर" म्हणू लागले. ती चूक झाली. मास्तर इतका खूश झाला की त्याने मला विद्यार्थिनीच करून टाकलं. शिवाय मी इंडियन, त्यात कॉम्प्युटरवाली. दर शनिवारी सकाळी वर जायचं आणि त्याने गोळा केलेले पूर्वज कॉम्प्युटरवर चढवायचे, हे मला न विचारताच ठरलं. तो माझ्यासाठी कॉफी करायचा. मग कपाटातून पत्र्याचा डबा काढायचा, एक बिस्किट माझ्या बशीत ठेवायचा आणि डबा पुन्हा बंद करून कपाटात ठेवायचा. एक बिस्किट! आमच्याकडे दारात आलेल्या कुरिअरवाल्याला यापेक्षा जास्त मिळतं.

त्या शनिवारांत मला डच शाळामास्तरांविषयी जे कळलं त्याने माझा आदर काही वाढला नाही. हा थोर पुरुष शिकवायचा मुख्यतः हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात पोरं शेतावर. उरलेल्या वेळात तो चर्च झाडायचा, घंटा वाजवायचा, मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचा आणि गावात कुणी मेलं की खड्डा खणायचा. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे उभं राहून मोठ्याने धर्मग्रंथ वाचायचा आणि भजनाला सूर लावून द्यायचा. नेमणुकीच्या वेळीही अक्षर बघायचे, वाचन बघायचे आणि गाऊन दाखवायला सांगायचे. म्हणजे गुरव, कोतवाल आणि भजनी मंडळाचा पुढचा गडी एकाच माणसात, आणि जमलं तर शिक्षक. मी हे मास्तरला सांगितलं तेव्हा गुरव म्हणजे काय हे त्याने विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाला, "एक्झॅक्टली! सन्मानाची जागा!"

सन्मानाची होती की नाही देव जाणे, पण चिकटून बसण्यासारखी नक्की होती. राहायला शाळेचं घर, थोडी जमीन, गावाकडून धान्य. आपल्याकडे कुलकर्णीपणाचं वतन असायचं तसं हे मास्तरकीचं वतन एकाच घरात फिरायचं. मास्तरचा आधार एवढाच होता: गाव तेच, आडनाव तेच, धंदा तोच, म्हणजे आधीचा बाप आणि नंतरचा मुलगा. जिथे मुलाच्या जन्माची नोंद सापडायची नाही तिथे तो तुटक रेघ मारायचा आणि म्हणायचा, "ते पान उंदरांनी खाल्लं असणार." असा पुरावा मी बँकेत दाखवला असता तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

या घराण्याच्या तक्त्यात सगळ्यात खाली मास्तर स्वतः होता. चौकोनात ठळक नाव, त्याखाली 'हेडमास्तर', आणि त्याखाली काही नाही. "माझ्यापाशी संपलं," असं तो दर शनिवारी एकदा तरी म्हणायचा आणि सुस्कारा टाकायचा. आणि हे तो म्हणायचा तेव्हा बऱ्याचदा त्याची मुलगी तिथेच ओट्यापाशी उभी राहून त्याचा आठवड्याचा स्वयंपाक डब्यांत भरत असायची.

ही त्याची एकुलती एक लेक हॅमिल्टनला प्राथमिक शाळेत शिकवायची. माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, केस कापलेले, पायांत बारा महिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर. तिथल्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत काम करणाऱ्यांची पोरं तिच्या वर्गात असत. पहिली अक्षरं गिरवून घेण्यात तिचा जन्म गेला होता. शनिवारी ती दीड-दोन तास गाडी चालवत यायची, बापाचा फ्रिज भरायची आणि त्याला पेपर वाचून दाखवायची. मास्तरची नजर मधल्या भागातून जात चालली होती. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे तो सगळ्यांशी बोलताना भलतीकडेच बघायचा. आधीही तो समोरच्याकडे फारसं बघत नसावा असा माझा अंदाज आहे.

एकदा मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेत होते आणि ती निघाली होती. गाडीच्या दारावर हात ठेवून तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यात मी आहे का?"

"कशात?"

"डॅडच्या तक्त्यात."

मी म्हटलं, "नाही."

"स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही'. गाडीत बसली. पट्टा लावला. मग काच खाली करून म्हणाली, "मीही शिक्षिकाच आहे, नाही का? त्याने मला कधी विचारलं नाही माझ्या वर्गात किती मुलं आहेत." आणि गेली. एवढंच तिला हवं होतं: त्या तक्त्यात एक चौकोन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्याचा राग आलाच, पण तिचाही आला. अगं, असल्या तक्त्यात जागा मागायची कशाला?

हे मी म्हणू शकत होते कारण मला जागा मिळालेली होती. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या चुलतभावांनी मिळून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला होता आणि त्याची एक प्रत पुण्याहून कुरिअरने पाठवली होती. ग्रंथ विटेएवढा जाड. त्यात माझ्या नवऱ्याच्या नावापुढे पत्नी म्हणून जे नाव होतं ते लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. त्या दिवसानंतर त्या नावाने मला एकदाही कुणी हाक मारलेली नाही, माझ्या पासपोर्टवर ते नाही, मला स्वतःला ते आठवायला क्षणभर लागतो. त्या बाईचा माझा काही संबंध नाही. पुढे आम्हाला मुलगी झाली तेव्हा सासरे फोनवर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत घालू हो." मग जरा थांबून म्हणाले, "अर्थात मुलींची शाखा आपण पुढे नेत नाही." त्या ग्रंथावर मी प्रिंटर ठेवला. उंची बरोबर जमली.

तेव्हा मास्तरच्या पूर्वजांना उघडं पाडायचं मी मनावर घेतलं त्यात शहाणपण किती आणि सूड किती, हे मला सांगता येणार नाही. तिथल्या चर्चच्या नोंदींची पानं आता इंटरनेटवर बघायला मिळतात. मास्तर ती मोठी करून मला वाचायला लावायचा आणि न जुळणारं काही आलं की "लिहिणाऱ्याची चूक" म्हणून पुढे जायचा. चूक नेहमी एकाच प्रकारची असे. लग्नाच्या नोंदीत नवरदेव परगावचा, आडनाव वेगळंच. काही वर्षांनी त्याच माणसाच्या मुलाचं नाव ठेवलं जातंय, बायको तीच, आणि बापाचं आडनाव मात्र मास्तरांच्या घराण्याचं. एकदा झालं तर चूक. पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे तीच चूक करत होते.

बँकेत माझ्या शेजारी त्याच भागातून आलेला एक डच मुलगा बसायचा. त्याला मी विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "आमच्या तिकडे आडनाव माणसाचं नसायचं, घराचं असायचं. जो ज्या घरात राहायला जाईल त्याला त्या घराचं नाव. बायकोच्या घरी राहायला गेलास तर तू तिच्या घरचा." आम्ही लिफ्टमध्ये होतो. मी मोठ्याने ओरडले, "घरजावई!"

मला किती आनंद झाला हे मराठी माणसाशिवाय कुणाला कळणार नाही. आमच्याकडे हा शब्द आवाज खाली आणून उच्चारतात. माझ्या आजोळी एक घरजावई होते. पंगतीत बाकीच्यांना भात न विचारता वाढायचे आणि त्यांना मात्र "वाढू का?" असं विचारायचे. आणि इथे हा माणूस छाती फुगवून ज्यांचा टेंभा मिरवत होता ते बहुतेक सगळे घरजावई! शाळेच्या घरात मुलगी जन्मायची. ती तिथेच राहायची. बाहेरून कुणीतरी तरुण यायचा, गाऊन दाखवायचा, तिच्याशी लग्न करायचा, घराचं नाव लावायचा आणि घंटेची दोरी हातात घ्यायचा. एका ठिकाणी तर मास्तर मेल्यावर त्याच्या बायकोने नव्या मास्तरशी लग्न केलेलं दिसलं, आणि पुढची शाळा त्यांच्या मुलीच्या नवऱ्याकडे. म्हणजे शाळा बायकांपाशी राहायची, मास्तर येऊनजाऊन असायचे. त्या बायका शिकवत होत्या का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण नव्याने आलेल्या त्या पोराला कोणतं मूल कुणाचं आणि घंटा किती ओढायची हे सांगितलं कुणी असेल?

पुढच्याच शनिवारी मी हे मास्तरला सांगितलं. नीट, एकेक नोंद घेऊन. लेक तिथेच होती, भांडी पुसत होती. ती पुसायची थांबली.

मास्तर म्हणाला, "म्हणजे हे माझं घराणंच नाही?"

"तुमचंच आहे, सर. फक्त बापाकडून मुलाकडे गेलेलं नाही. मुलीकडून मुलीकडे गेलंय. मध्ये जावई आहेत."

"मुलीकडून," तो म्हणाला, आणि माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत बसला. त्या दिवशी त्याने बिस्किटाचा डबा काढलाच नाही. लेक मला दारापर्यंत सोडायला आली आणि तिने माझा दंड धरला. तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत आशा पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं, झालं आपलं काम.

मी मास्तरला अजून ओळखलेलं नव्हतं.

नंतर काही शनिवार वरून बोलावणं आलं नाही. सपाता मात्र दिवसभर इकडून तिकडे फिरत होत्या. मग एकदा मी मुलीला घेऊन खालच्या डेअरीतून दूध आणत होते, तर मास्तर जिन्यावर उभा. चेहरा उजळलेला. "ये, ये! सुटलं! माझ्यापाशी संपत नाही!"

मी मुलीला घेऊनच वर धावले. मनात म्हटलं, आला बाबा मार्गावर.

"तूच सिद्ध केलंस," मास्तर म्हणाला. "शाळा जावयाकडे जाते. आणि मला जावई होता!"

मला हसावं की त्याचा कॉम्प्युटर त्याच्याच डोक्यात घालावा कळेना. जावई होता, हे खरं. लेकीने तरुणपणी एका शिक्षकाशी लग्न केलं होतं. तो मोठ्या मुलांना सुतारकाम शिकवायचा. तेही त्याने दोन-तीन वर्षांतच सोडलं, लेकीलाही सोडलं आणि ऑस्ट्रेलियाला जाऊन बोटी विकायला लागला. घटस्फोटाला इतकी वर्षं झाली होती की लेक त्याचा उल्लेख हवामानासारखा करायची. त्या माणसाला मास्तरने तक्त्यात घ्यायला लावलं. ठळक चौकोन, त्यात नाव, खाली 'शिक्षक'. आणि लेक? इतर सगळ्या बायका होत्या तिथेच. नवऱ्याच्या चौकोनाखाली, बारीक अक्षरांत.

मी म्हटलं, "सर, तो आता शिक्षक नाही. तो तुमचा जावईही नाही."

"होता ना?" मास्तर म्हणाला. "इतिहासात 'होता' चालतं."

घरी येऊन मी नवऱ्यावर बरसले. तो शांतपणे म्हणाला, "अगं, त्याच्या घरात राहतो आपण. टाइप करून दे ना. तुझं काय जातंय?" माझी मुलगी मोज्यांशी खेळत होती, ती वर न बघता म्हणाली, "द ओल्ड मॅन इज बीइंग मीन." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. मी तक्ता टाइप करून दिला. पण बायकांचं एकही नाव गाळलं नाही. मास्तरला ती बारीक अक्षरं दिसणारच नव्हती. आणि लेकीला फोन करून सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "किती बारीक अक्षर?"

"वाचता येईल इतकं."

"हीप्स थँक्स," ती म्हणाली आणि मला विचारलं की वाढदिवसाला खुर्च्या कमी पडतील का.

तो वाढदिवस २०१८च्या उन्हाळ्यात झाला. मास्तरने तक्ता भलामोठा छापून, सोनेरी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला होता आणि डच क्लबमधली म्हातारी मंडळी बोलावली होती. त्यांच्यात वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतात. म्हणून माझंही झालं. घरमालक अजून जिवंत असल्याबद्दल भाडेकरूचं अभिनंदन! लेकीने व्हॅनमधून तिच्या वर्गातल्या खुर्च्या आणल्या होत्या, सहा वर्षांच्या मुलांच्या. मास्तरच्या हुकमाप्रमाणे त्या शाळेसारख्या ओळीने मांडल्या. त्यांवर ते सगळे नातवंडंवाले लोक गुडघे हनुवटीला लावून बसले. आम्ही सगळ्यात मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. मास्तर पुढे त्याच्या आरामखुर्चीत.

त्याने ठरवलं होतं की तक्ता मोठ्याने वाचला जावा. "घराण्याच्या रीतीने," तो म्हणाला, "सगळ्यांपुढे उभं राहून." त्याला स्वतःला दिसत नव्हतं. माझे उच्चार त्याला चालले नसते. म्हणून वाचायला त्याने लेकीला उभं केलं. तिला वाचायला लावताना त्याला काहीच वाटलं नाही. मला तर त्या म्हाताऱ्याच्या निगरगट्टपणाचं कौतुकच वाटलं.

लेक चौकटीशेजारी उभी राहिली, जँडल्स घालूनच. पहिल्या मास्तरचं नाव तिने नीट वाचलं. मग दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं, बोट जरा खाली सरकवलं आणि वाचलं: "त्यांची मुलगी," आणि त्या बाईचं नाव. पुढे, "तिचा नवरा, शाळामास्तर." त्याचं नाव वाचलंच नाही. मग पुन्हा, "त्यांची मुलगी." अशी ती एकेका बाईच्या नावाने खाली येत गेली. सुताराचा, शेतकऱ्याचा मुलगा कुणी आला असेल तो नुसता तिचा नवरा. पहिल्या ओळीतल्या एका आजीबाईंनी चष्मा लावून भिंतीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. शेवटी लेकीने मास्तरचं नाव वाचलं, "हेडमास्तर." आणि पुढे, बोटी विकणाऱ्याच्या ठळक चौकोनाकडे पाठ करून, "त्यांची मुलगी." तिने स्वतःचं नाव घेतलं. "शिक्षिका."

मास्तरला तो तक्ता तोंडपाठ होता हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"पुन्हा," मास्तर म्हणाला. हेडमास्तरांचा एक आवाज असतो, त्या आवाजात.

तिने पुन्हा वाचलं. पहिल्यापासून. एकही शब्द बदलला नाही. फक्त स्वतःच्या नावापाशी आली तेव्हा तिचा आवाज थोडा खाली गेला आणि तिने जमिनीकडे बघितलं. बापासमोर इतक्या वर्षांनी कुणाचाही आवाज जसा होईल तसा झाला.

मास्तरने मान वळवली. त्याला मागचं काहीच दिसत नव्हतं, तरी तो मागच्या ओळीकडे बघत होता. "मागे ऐकू आलं का?" त्याने विचारलं.

मला दोन्ही वेळा शब्दन् शब्द ऐकू आला होता. नवऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे आता गप्प बस. मी छोट्या खुर्चीतून उठून उभी राहिले.

"नाही, सर," मी म्हटलं. "शेवटचं नाव ऐकू नाही आलं."

"ऐकलंस?" मास्तर लेकीला म्हणाले. "शेवटचं नाव परत वाच. सावकाश. आणि मान वर करून."